भर दुपारचा दिवा

आमच्या मॅडम फार गोड बोलतात, म्हणून पहिल्या दिवसापासूनच मी त्यांना जरा बिचकून होते. गोड बोलणाऱ्यांनी मला आजवर बऱ्याच कडू गोळ्या चारल्या आहेत.

त्या दिवशी तर त्यांनी नमनालाच घडाभर तेल घातलं. मनातलं बोलायला शब्द सापडत नाहीत, शब्द सापडले तर ऐकणारं कुणी नसतं, वगैरे वगैरे. मग म्हणाल्या, "म्हणून आता आपण सगळे फोटो काढणार आहोत." आणि त्यांनी टेबलावर एक खोका उपडा केला. मोबाईल आल्यावर लोकांनी अडगळीत टाकलेले छोटे कॅमेरे होते ते. कुणाचं बटण सैल, कुणाच्या भिंगावर ओरखडा, एकाची बॅटरी तासाभरात मान टाकणारी. आम्हीही सगळे त्याच मालातले, त्यामुळे जोडी छान जमली.

आमचं निवास म्हणजे दवाखान्यातून सुटलेल्या आणि घरी न पोचलेल्या माणसांची मधली जागा. मॅडम आमचा गट घेतात ती खोली पूर्वी शिवणवर्गाची होती. लांब टेबलावर अजून कात्रीचे ओरखडे आहेत आणि कडेला कुणीतरी चिकटवलेली मापाची पट्टी आहे. त्या टेबलाभोवती मॅडम सोडून आम्ही चौघं बसायचो.

मास्तर एकेकाळी शाळेत गणित शिकवायचे. त्यांना तपकिरी कोटातला एक माणूस दिसतो. तो खोलीच्या कोपऱ्यात उभा राहतो, बोलत नाही, नुसता बघत राहतो. कुलूपबाईंना कुलूप लागलं की नाही हे कधीच पटत नाही. चार पावलं टाकली की परत दाराशी. मौनीबुवा बोलत नाहीत. बोलता येतं, पण बोलत नाहीत. का, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आणि मी. मला सगळे एक्स्चेंजबाई म्हणतात. एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर मी उमेदीची वर्षं काढली. बोर्डावर ओळीने बारीक दिवे असायचे. दिवा लागला की कुणीतरी बोलावतंय असं समजायचं, वायरची पिन भोकात खुपसायची आणि म्हणायचं, "बोला." एवढी वर्षं लोकांचे आवाज लोकांना जोडून दिले, आणि शेवटी न जोडताच आवाज माझ्या कानात यायला लागले. मागोमाग दिवेही आले. स्वयंपाकघरातला दिवा मला बोलवायचा, जिन्यातला बोलवायचा, शेजारच्यांच्या खिडकीतलासुद्धा. मी भरल्या ताटावरून उठून भिंतीला "बोला" म्हणायचे. लग्न झालेल्या धाकट्या भावाच्या घरात असं किती दिवस चालणार?

नाहीच चाललं. ज्या दिवशी मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, त्या दिवशी फाटकाशी मला एक वाक्य ऐकू आलं. "पुन्हा या घरात येऊ नकोस." आवाज छोट्याचा होता. छोट्या म्हणजे माझा भाऊ. आता त्याचे केस पिकले तरी माझ्यासाठी छोट्याच. पण त्या दिवसांत माझ्या कानात सगळेच ओळखीच्या आवाजात बोलत. बाबा तर कधीच वारले होते, तेही बोलत. तेव्हा ते वाक्य छोट्याचं की रोगाचं, हे मला कळलंच नाही. वर्षं गेली, आवाज गोळ्यांनी दबले, पण ते एक वाक्य तसंच राहिलं. त्याच्या पलीकडे घर होतं आणि अलीकडे मी.

तुम्ही म्हणाल, विचारायचं की त्यालाच. तो दवाखान्यात आला होता, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, तिला वाटेल तेव्हा ती बोलावेल. नंतर तो निवासाच्या ऑफिसात दर महिन्याला फोन करायचा. मी फोन घेत नाही. चेहरा नसलेला आवाज घ्यायचा नाही, हे मीच मला घालून दिलेलं पथ्य आहे. आणि खरं सांगू? विचारलं नाही तोवर उत्तर 'नाही' असं नसतं. मी त्या न विचारलेल्या प्रश्नाला उराशी धरून बसले होते.

तर फोटो. मॅडमचा नियम असा होता: आठवड्यातून एकदा प्रत्येकाने आपला एकच फोटो टेबलावर ठेवायचा. ज्याचा फोटो, त्याने तोंड मिटून बसायचं. बाकीच्यांनी त्यात काय दिसतं ते सांगायचं. सगळ्यांचं झालं की मग मालकाला बोलायची पाळी. मॅडमना त्यातून आमच्या भावना बाहेर काढायच्या होत्या. पण आमच्या भावना काही इतक्या भोळ्या नाहीत.

पहिला फोटो मास्तरांचा. भिंतीचा कोपरा, फरशी, एक झाडू.

"काय दिसतं?" मॅडमनी विचारलं.

"झाडू," कुलूपबाई म्हणाल्या.

"भिंतीला ओल आलीय," मी म्हटलं.

"हा फोटो बघून काय वाटतं कुणाला?" मॅडम आशेने म्हणाल्या. "एकटेपणा वगैरे?"

"झाडू आहे की सोबतीला," मी म्हटलं. 'काय वाटतं' म्हणून कुणी विचारलं की माझ्या तोंडून असलंच काहीतरी निघतं.

मास्तरांची पाळी आली तेव्हा त्यांनी फोटो आमच्यापुढे सरकवला. "आणखी कुणी दिसत नाही? नीट बघा. झाडूच्या मागे. तपकिरी कोट."

आम्ही फोटो हातोहात फिरवला. मौनीबुवांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला आणि मान हलवली. कुणी नाही.

"मी बटण दाबलं तेव्हा तो तिथेच उभा होता," मास्तर म्हणाले. मग ते फोटोकडे कितीतरी वेळ बघत बसले, आणि बघता बघता त्यांचे वर चढलेले खांदे खाली आले. तो फोटो त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला. आता तो माणूस येत नाही असं नाही. येतोच. पण तो आला की मास्तर खिशातून फोटो काढतात, बघतात आणि त्याला सांगतात, "तुमचं नाव हजेरीत नाही."

तेव्हापासून आमच्या गटाची गाडी मॅडमच्या रुळावरून जी घसरली ती घसरलीच. कुलूपबाई बाहेर पडताना कुलपाचा फोटो काढायच्या आणि वाटेत शंका आली की परत न फिरता कॅमेऱ्यात बघायच्या. दुकानापर्यंत सरळ जाऊन आल्या त्या दिवशी त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. मॅडमना भावना हव्या होत्या, आम्हाला साक्षीदार हवा होता. आमच्या डोळ्यांवर इतरांचा भरवसा नव्हता, आमचा तर नव्हताच नव्हता. कॅमेऱ्याला मात्र कुणी वेड लागलंय म्हणत नाही. मॅडम काळजीत पडून डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा आणि कॅमेरेही.

मी माझ्या फोटोंत घर आणलं. माझं घर असं सांगितलं नाही. म्हटलं, एक घर आहे.

बुधवारी दुपारी मला एकटीने बाहेर जायची मुभा होती. मी बस पकडायचे आणि छोट्याच्या गल्लीत उतरायचे. समोर लाँड्री आहे, तिच्या दारातून गरम वाफ येते; तिथे भिंतीला टेकून उभं राहिलं की आमचं दुमजली घर आणि हिरवं फाटक समोर दिसतं. वरची डावीकडची खिडकी माझ्या खोलीची. मी उभी राहायचे, फोटो काढायचे आणि कुणी बाहेर यायच्या आत सटकायचे. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, अशातली गत. पण त्या भिंतीला टेकून उभं राहणं हे माझं सगळ्या आठवड्याचं सुख होतं. दोरीवर छोट्याचा शर्ट वाळत असायचा. बाही वाऱ्याने हलली तरी मला भरून यायचं.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम फोटोत येऊ देत नव्हते. आमच्या दारावर पांढऱ्या काचेच्या गोळ्यात एक दिवा आहे, बाबांच्या वेळेपासूनचा. पहिल्याच बुधवारी मी मान वर केली आणि तो मला चालू दिसला. टळटळीत दुपार, आणि दिवा चालू. दिव्यांनीच माझा घात केला होता. आता पुन्हा सुरू झालं, असं मला वाटलं. कुणाला सांगितलं असतं तर गोळ्या वाढल्या असत्या आणि बुधवार गेला असता. म्हणून मी त्या दिव्याकडे बघतच नसे. कधी नुसती खिडकी, कधी फाटक, कधी दोरीवरचे कपडे. दिव्याच्या अगदी खालपर्यंत मी कॅमेरा आणायचे आणि तिथे थांबायचे.

खिडकीच्या फोटोवर कुलूपबाई म्हणाल्या, "पडदा नवा आहे. खोलीत कुणीतरी राहतंय." नियमाने मला गप्प बसायचं होतं. मी गप्प बसले. माझ्या खोलीत कुणीतरी राहतंय, हे मला असं कळलं, परक्या तोंडून, टेबलावर ठेवलेल्या कागदातून. पाळी आली तेव्हा मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "पडद्याचा रंग चांगला आहे."

मग एका बुधवारी लाँड्रीची गाडी नेमकी माझ्या जागेवर लावलेली होती. मला मागे सरकून गल्लीच्या टोकाशी उभं राहावं लागलं. तिथून घराचे तुकडे करता येईनात. सगळं घरच चौकटीत आलं. बाकीचे फोटो हात हलल्याने बिघडले होते, म्हणून दुकानातून तोच छापून आणला. दारावरच्या गोळ्याकडे न बघता मी तो टेबलावर ठेवला.

"काय दिसतं?" मॅडम म्हणाल्या.

"घर," मास्तर म्हणाले. "दोन मजले. फाटक अर्धं उघडं."

कुलूपबाईंनी चष्मा पुसला आणि फोटो नाकाजवळ नेला. "अगोबाई! भर दुपारी यांचा बाहेरचा दिवा कशाला जळतोय?"

मी उठून उभी राहिले. खुर्ची मागे पडली. "कुठला दिवा?"

"तुमची पाळी नंतर," मॅडम हळूच म्हणाल्या.

"पाळी गेली खड्ड्यात! कुठला दिवा? बोट ठेवा."

कुलूपबाईंनी बोट ठेवलं. मग मास्तरांनी ठेवलं. मौनीबुवांनी टेबलावरून वाकून त्याच गोळ्यावर बोट ठेवलं. शेवटी मॅडमनीही ठेवलं. आणि मी रडायला लागले. दिवा होता. चालू होता. तो मला दिसत होता कारण तो जळत होता.

मग मी त्यांना सांगितलं, घर कुणाचं ते. आणि बाबांचा नियम सांगितला. बाबा विजेच्या बाबतीत भारी कडक. रिकाम्या खोलीत दिवा दिसला तर त्यांना अन्न गोड लागत नसे. पण बाहेरचा दिवा अपवाद होता. घरातलं शेवटचं माणूस येईपर्यंत तो कुणी मालवायचा नाही, आणि जो शेवटी येईल त्यानेच मालवायचा. म्हणजे सकाळी दिवा बंद दिसला की सगळे घरात आहेत हे न विचारता कळायचं. मला बोर्डावर बहुतेक संध्याकाळची पाळी असायची. त्यामुळे शेवटी येणारी बहुधा मीच. फाटकातून तो दिवा दिसला की दिवसभराचे लोकांचे आवाज कानातून निघून जायचे.

मग मास्तरांनी घसा साफ केला. "एका बिंदूतून हव्या तितक्या रेषा जातात, एक्स्चेंजबाई. दिवा मालवायला विसरलेही असतील. दुसरा बिंदू आणा."

"छोट्या विसरणाऱ्यातला नाही. बाबांच्या वरताण आहे तो."

"मग बटण बिघडलं असेल. दुसरा बिंदू आणा."

मला त्यांचा राग आला, पण बरोबर तेच बोलत होते. आशेवर जगायची माझी तयारी होती. आशेवर जाऊन फाटक वाजवायची नव्हती. मग सगळा गटच कामाला लागला. ज्याला ज्या दिवशी बाहेर जायची मुभा, त्याने त्या दिवशी जाऊन फोटो काढायचा. मॅडम आधी तयार नव्हत्या. "अहो, ही लोकांच्या घरावर पाळत झाली." मग माझ्याकडे बघून त्या थोड्या नरमल्या. "रस्त्यावरून काढा. आणि विचारल्याशिवाय कुणा माणसाचा चेहरा यायला नको. हे कबूल असेल तरच."

मास्तर पावसाळी सकाळी गेले: दिवा चालू. कुलूपबाई कडक उन्हात गेल्या: दिवा चालू. त्यांनी फाटकाच्या कडीचाही फोटो आणला आणि कडी नीट लागत नाही म्हणून मलाच बोलल्या. टेबलावर फोटोंची रांग लागली. मी रोज ती रांग बघायचे. मला भूक लागायला लागली. ऑफिसच्या आरशात मी केस विंचरायला लागले.

आणि मग कुलूपबाई एकदा परत आल्या त्या माझ्याकडे न बघता. त्यांनी कॅमेरा पुढे केला. घर तेच, फाटक तेच. काचेचा गोळा विझलेला.

"मी मुद्दाम थांबले होते थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "लागेल म्हणून."

मी म्हटलं, "बरं झालं. वीज वाचली." आणि खोलीत जाऊन पडले. मला काय वाटलं ते आता सांगते, तेव्हा सांगता आलं नसतं. मला वाटलं, एवढी वर्षं तो दिवा माझ्यासाठी जळत होता आणि मी त्याच्याकडे मान वर करून बघत नव्हते. आणि बघायला लागले तेव्हा तो कंटाळला. आई-बाप गेल्यावर या जगात माझी वाट बघणारं एकच माणूस होतं, आणि त्याने शेवटी दार लावून घेतलं. गोळ्या देणारी बाई येऊन गेली. जेवणाची घंटा झाली. मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी गट होता. मला दोन्ही हात धरून आणलं. माझ्याकडे फोटो नव्हता. मौनीबुवा उशिरा आले, घामाघूम, चपलांना चिखल. त्यांचा त्या दिवशी बाहेर जायचा वारही नव्हता. त्यांनी खिशातून दुकानाचं पाकीट काढलं आणि फोटो टेबलावर ठेवला; टेबलावर म्हणजे बरोबर माझ्यापुढे.

आमच्या दारात एक स्टूल होतं. स्टुलावर छोट्या उभा होता, आमच्याकडे पाठ करून. मागचे केस पांढरे झालेत, कॉलर मोडलीय. एका हातात काचेचा गोळा सांभाळलेला, दुसऱ्या हाताने तो नवा बल्ब बसवत होता. आणि भावजय दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून खाली मान घालून उभी होती.

"बुवा," मॅडम म्हणाल्या, "माणसांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही असं ठरलं होतं ना?"

मौनीबुवांनी फोटोवर बोट ठेवलं. "पाठ आहे," ते म्हणाले.

त्यांचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. खर्जातला, चांगला आवाज होता. पण त्या क्षणी त्याचं कौतुक करायला कुणाला सवड नव्हती. मास्तर फोटोवर वाकले होते. "विसरलेला माणूस बल्ब बदलत नाही," ते म्हणाले. "सिद्ध झालं."

मॅडमनी छोट्याला फोन केला आणि सांगितलं, ताई रविवारी चहाला येणार आहेत. तो एवढंच म्हणाला, म्हणे, "किती वाजता?"

मी मौनीबुवांना बरोबर घेतलं. दिसलेल्याची साक्ष कॅमेरा देतो. ऐकलेल्याची द्यायला धड कानाचा माणूस लागतो. बुवा बोलत नसले तरी ऐकतात सगळं.

छोट्या फाटकात उभा होता, मागे भावजय. जवळून बघितलं तर बाबाच. मी ठरवलं होतं, आधी बसायचं, पाणी प्यायचं, मग विषय काढायचा. कसचं काय. फाटकातच तोंडातून निघून गेलं.

"मला नेलं त्या दिवशी तू मला पुन्हा येऊ नकोस म्हणालास का?"

त्याचा चेहरा एकदम लहान झाला. त्याने भावजयीकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"म्हणालो होतो, ताई."

मी वळून बुवांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली: हो, मीही ऐकलं.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मला आधी हायसं वाटलं. एवढी वर्षं ज्याला रोग समजले ते माझे कान होते. ते शाबूत होते. मग दुखलं. खूप दुखलं.

"तू हिच्यावर ताट फेकलं होतंस," छोट्या म्हणाला. "पोरगं घाबरून पलंगाखाली जाऊन बसलं होतं. मी रागात बोललो. गाडी वळली आणि मी आत आलो. अंधार पडला, दिवा लावला. सगळे झोपायच्या वेळी मालवायला गेलो तर हात उचलेना. शेवटचं माणूस आलंच नव्हतं."

"मग फोनवर सांगायचंस की."

"तू फोन घेतलास कधी?"

भावजय म्हणाली, "इथेच उभे राहणार आहात का दोघं? चहा गार होतोय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पदराने पुसायचं सोडून आमच्यावरच डाफरत होती. मला ती पूर्वी कधी इतकी आवडली नव्हती.

घरात सगळं बदललं होतं आणि वास तोच होता. वर माझ्या खोलीत आता भाचा अभ्यास करतो. तो दाराशी उभा राहून माझ्याकडे सावधपणे बघत होता, आणि मला त्याचा राग आला नाही. पलंग माझाच होता, त्यावर त्याची पुस्तकं पसरलेली. चहा झाला, बुवांनी दोनदा घेतला. बोलणं थोडंसंच झालं; इतक्या वर्षांचं बोलायचं तर सुरुवात कुठून करणार?

निघताना दाराशी मला ते बटण दिसलं. दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, होतं तिथेच. त्याच्यावर चिकटपट्टी लावलेली होती, आडवी, घट्ट.

"पाहुणे चुकून मालवतात," भावजय म्हणाली. "म्हणून मी लावून ठेवते. सुटली की बदलते." जिच्यावर मी ताट फेकलं होतं ती हे बोलत होती.

"काढ ती पट्टी," छोट्या मला म्हणाला. "मालव, ताई. शेवटची तूच."

मी पट्टीच्या टोकाला नख लावलं. मला तो दिवा मालवायचा होता. इतकी आस मला आयुष्यात दुसऱ्या कशाची लागली नाही. पट्टी ओढायची, बटण खाली करायचं, दाराला कडी घालायची आणि वर जाऊन पडायचं. पण संध्याकाळच्या गोळ्या निवासात होत्या. परवाच मी एका खुर्चीला "बोला" म्हणाले होते. आणि जिन्याच्या कठड्याआडून भाचा अजून बघत होता. दिवा मालवायचा तो घरी आलेल्या माणसाने. मी चहाला आले होते.

टोक मी अंगठ्याने परत दाबून बसवलं.

"राहू दे," मी म्हटलं. "अजून मी यायची आहे."

रस्ता ओलांडून मी लाँड्रीच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले, माझ्या जागेवर. "छोट्या, तुझा फोटो काढू का रे? तोंडासकट?" मी ओरडून विचारलं. त्याने मोडलेली कॉलर सारखी केली.

गटात फोटो ठेवला तेव्हा मी नियमाने गप्प बसले.

"दिवा चालू," मास्तर म्हणाले. "कोपऱ्यात कुणी नाही. माणूस एक, दारात."

"दार उघडं टाकून काय उभा राहिलाय हा?" कुलूपबाई चिडल्या. "कुणी घुसलं म्हणजे? लाव म्हणावं."

मौनीबुवांनी फोटो उचलला, बघितला आणि माझ्यापुढे सरकवला. माझी पाळी होती.

"तुम्हाला काय वाटतं?" मॅडमनी नेहमीसारखं विचारलं. कुलूपबाई माझ्याकडे बघून आधीच हसायला लागल्या होत्या. त्यांना वाटलं, आता मी काहीतरी ठोकून देणार.

"मला घरी जावंसं वाटतं," मी म्हटलं.